कीबोर्डवरची सम

२००७ च्या मे महिन्यात, डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या घरात, मी कीबोर्ड टेबलावरून उचलला आणि गिटार धरतात तसा छातीशी धरला. कळांची बाजू बाहेरच्या अंगाला, एफ-१, एफ-२ ची ओळ खालच्या कडेला, डाव्या हाताची बोटं खालून वळवून पहिल्या पाच कळांवर आणि उजव्या हाताची एंटरवर. वायर पुरेना म्हणून सीपीयू टेबलाखालून वीतभर पुढे ओढावा लागला. समोर पंधरा इंची, पाठीमागे फुगलेला जुना मॉनिटर. त्यावर गिटारची मान दूरवरून माझ्याकडे सरकत येत होती आणि तिच्या तारांवरून हिरवे, लाल, पिवळे, निळे, केशरी ठिपके. ठिपका रेघेवर आला की डाव्या हाताने त्याच्या रंगाची कळ दाबून ठेवायची आणि उजव्या हाताने एंटर मारायचं. वेळ साधली तर स्पीकरमधून गिटार वाजे. चुकली, तर ड्रम आणि बाकीची वाद्यं पुढे जात राहत आणि गिटार तेवढी गप्प होई.

त्या गप्प होण्याने मला धरून ठेवलं. तोवर जे गेम खेळलो होतो त्यांत चुकलं की जीव जायचा, गाडी आपटायची, पडदा लाल व्हायचा. इथे चुकलं की गाण्यातलं एक वाद्य नाहीसं व्हायचं आणि त्याची उणीव थेट कानाला लागायची. लहानपणी दोन वर्षं तबल्याच्या क्लासला जाऊनही जे उमगलं नव्हतं ते मला त्या साध्या कीबोर्डवर उमगलं. पुढचा ठोका कधी येणार हे अंगाला आधीच ठाऊक असावं लागतं. तो आल्यावर हात उचलला तर उशीर झालेला असतो. हे पुस्तक या एका गोष्टीभोवती लिहिलं आहे.

ज्यांनी असे गेम कधीच खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. रिदम गेममध्ये गाणं चालू असतं आणि पडद्यावर खुणा सरकत येतात. प्रत्येक खूण गाण्यातल्या एका आघाताची असते. ती ठरलेल्या रेघेवर पोचते त्याच क्षणी तुमचा हात पडायला हवा. १९९६ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनवर मासाया मात्सुउरा यांचा ‘पॅरापा द रॅपर’ आला. त्यात कागदासारखा चपटा एक कुत्रा आपल्या गुरूमागून ओळ म्हणतो आणि आपण बटणं दाबून त्याला तालात ठेवतो. गुरूने म्हणायचं, शिष्याने तसंच परत म्हणायचं, ही रीत आपल्याला परकी नाही. पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीचं ‘बीटमेनिया’ हे यंत्र आलं, त्याला पाच कळा आणि एक फिरती तबकडी होती. १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ने हा खेळ हातांतून पायांत नेला. २००१ मध्ये नामकोने ‘ताइको नो तात्सुजिन’मध्ये खेळणाऱ्यापुढे चक्क एक ढोल मांडला, मधोमध मारलं की एक आवाज, कडेवर मारलं की दुसरा. आणि २००५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ‘गिटार हिरो’ आला. हार्मोनिक्सने तो गेम घडवला आणि रेडऑक्टेनने त्यासोबत प्लॅस्टिकची गिटार दिली. मानेवर पाच रंगीत बटणं, पोटावर तार छेडल्यासारखी वरखाली हलणारी एक पट्टी. टीव्हीसमोर उभं राहून ती गिटार वाजवणारी माणसं जगभर दिसू लागली.

आपल्याकडे ती वस्तूच नव्हती. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणला ज्यांच्या घरी प्लेस्टेशन होता त्यांच्याकडेही प्लॅस्टिकची गिटार क्वचितच असायची. कॉम्प्युटर मात्र घरोघरी येत होता. मुलगा दहावी झाला की, मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कुणीतरी ओळखीचा तो जोडून द्यायचा. तो आणलेला असायचा अभ्यासासाठी, आणि त्याच्यावर गाणी साठत जायची. म्हणून आमच्या भागातल्या मुलांपर्यंत हा खेळ पोचला तो कॉम्प्युटरच्या वाटेने, आणि ती वाट बांधणारे लोक दूर देशांतले हौशी प्रोग्रॅमर होते.

त्यांची नोंद इथे करायलाच हवी. २००१ मध्ये ‘स्टेपमेनिया’ सुरू झाला. नाचाच्या यंत्रावरच्या चार बाणांच्या जागी त्याने कीबोर्डवरच्या चार बाणांच्या कळा घेतल्या. त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता आणि तो इतका चांगला निघाला की पुढे ‘इन द ग्रूव्ह’ हे आर्केडमधलं यंत्र त्याच्याच पायावर उभं राहिलं. घरातला खेळ उलट दिशेने बाजारात गेला. २००६ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीत ‘असेम्ब्ली’ या कॉम्प्युटरवाल्यांच्या मेळ्यात गेम बनवण्याची स्पर्धा ‘फ्रेट्स ऑन फायर’ने जिंकली. अनरियल वूडू नावाच्या छोट्या गटाने तो पायथन भाषेत लिहिला होता, त्याचाही कोड खुला होता, आणि कीबोर्ड उलटा धरून गिटार करायची युक्ती त्यांचीच. मी छातीशी धरला होता तो हाच गेम. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्ट यांचा ‘ओसू’ आला, त्यात माऊसनेच ताल धरायचा. ‘क्लोन हिरो’ ची १.० आवृत्ती २०२२ मध्ये निघाली आणि आज घरच्या कॉम्प्युटरवर पाच रंगांची गिटार वाजवणारे अनेक जण ‘क्लोन हिरो’च वापरतात.

या दोन टोकांमध्ये मूळ खेळाचं काय झालं तेही पाहावं. २०११ च्या फेब्रुवारीत अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने ‘गिटार हिरो’चा विभाग बंद केला. २०१५ मध्ये तो एकदा नव्या रूपात परत आला, पण त्यातली इंटरनेटवरून वाजणारी गाणी २०१८ च्या अखेरीस बंद झाली. कंपनीने दिवा मालवला की तिच्या घरातला अंधार सगळ्यांना सोसावा लागतो. घरच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाला तो अंधार आला नाही, कारण त्याची गाणी साध्या फोल्डरात असतात आणि फोल्डर आपला असतो.

आता आमच्या भागाविषयी. ठाणे ते कल्याण हा पट्टा तालाच्या बाबतीत गरीब नाही. कल्याण गायन समाज १९२६ पासून उभा आहे. ठाण्यात पं. राम मराठे राहिले आणि ठाणे महापालिका त्यांच्या नावे संगीत महोत्सव भरवते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची सुरुवात डोंबिवलीने केली. गणेश मंदिरापासून फडके रोडपर्यंत त्या सकाळी ढोल-ताशाची पथकं उभी असतात. आणि मैफलीला किंवा मिरवणुकीला जे कधी गेले नाहीत तेही रोज लोकलने जातात. सकाळच्या गाडीत भजनी मंडळाचा डबा ठरलेला असतो. टाळ पिशवीतून निघतात, एखाद्याकडे मृदंग असतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो डब्याच्या पत्र्यावर बोटांनी ठेका धरतो. गाडी कल्याणच्या यार्डात रूळ बदलते तेव्हा चाकांचा खडखडाट भजनाच्या लयीत आडवा येतो आणि मंडळी क्षणभरही न डगमगता आपली लय धरून ठेवतात. पत्र्यावर बोट आपटणारा तो माणूस आणि एफ-१ वर बोट आपटणारा मुलगा यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघांकडे वाद्य नाही, दोघांनी हाताशी असलेल्या वस्तूचं वाद्य केलं आहे.

मला जे उमगलं असं वर म्हटलं, त्याच्यामागे एक साधा हिशोब आहे. डोळ्याला काही दिसून त्यावर हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास. ‘स्टेपमेनिया’त नेहमीच्या मापावर सगळ्यात वरचा शेरा हवा असेल तर ठोक्याच्या २२.५ मिलिसेकंद आधी किंवा नंतर एवढ्यातच कळ दाबली जायला हवी. खूण रेघेवर आलेली पाहून हात उचलणारा या मापात कधीच बसणार नाही. जो बसतो त्याचा हात खूण पोचायच्या आधीच निघालेला असतो. डोळा त्याला फक्त कुठली कळ ते सांगतो. केव्हा, ते कान सांगतो. नवशिका डोळ्यांनी खेळतो आणि दमतो. मग कधीतरी तो गाणं ऐकू लागतो, आणि त्याच दिवशी त्याचे गुण दुप्पट होतात. मैफलीत गवई तान घेऊन समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला की श्रोत्यांच्या माना सम यायच्या आधी उचलल्या जातात आणि समेवर बरोबर खाली येतात. त्या माना कुणी मोजून हलवत नाही. गेम जे शिकवतो ते हेच.

याची खूण मला फार लवकर पटली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन होतं, रोज काही तास वीज जायची. यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, त्यामुळे दिवे गेले की गेमही गेला. एका संध्याकाळी एका गाण्याच्या ऐन मध्यावर अंधार झाला. मॉनिटर काळा पडला, पंखा मंदावला. माझी बोटं मात्र थांबली नाहीत. उरलेलं आवर्तन ती बंद कीबोर्डवर पुरं करून गेली आणि शेवटचं एंटर जिथे पडायचं तिथेच पडलं. खोलीत फक्त कळांची टकटक होती. गाणं पडद्यावर नाही, हातात आलं आहे, हे त्या दिवशी कळलं.

पुस्तकाचा मोठा भाग एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या विषयाला दिला आहे, तो म्हणजे उशीर. कॉम्प्युटरवर खेळणारे त्याला लॅग म्हणतात. कन्सोल, त्याचा कंट्रोलर आणि गेम एकमेकांसाठी बनवलेले असतात. घरचा कॉम्प्युटर दहा ठिकाणच्या दहा भागांचा असतो. कळ दाबल्यापासून आवाज कानावर येईपर्यंत वाटेत बरेच नाके लागतात. साधा यूएसबी कीबोर्ड दर आठ मिलिसेकंदांनी एकदा विचारला जातो की काही दाबलं का. सेकंदाला साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यावर एक चित्र जवळपास सतरा मिलिसेकंद राहतं. आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पाठवला जातो. १०२४ नमुन्यांचा एक तुकडा, सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने, म्हणजे आणखी तेवीस मिलिसेकंद. टीव्हीला जोडलं तर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घेतो. ब्लूटूथचे हेडफोन लावले तर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो आणि मग मुलगा कितीही तयार असो, त्याचं प्रत्येक बोट चुकीचं ठरतं. अनेक जण इथेच ‘मला ताल नाही’ असं म्हणून सोडून देतात. त्यांना ताल असतो. त्यांच्या वायरीत तो अडकलेला असतो.

यावर उपाय आहे आणि तो ढोलवाल्यांना आधीपासून माहीत आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. फडके रोडवर पथक लांबवर पसरलं आणि शेवटच्या रांगेतला वादक ताशापासून ३४ मीटरांवर असला, तर ताशाचा आवाज त्याच्या कानावर सेकंदाचा दहावा भाग उशिरा पडतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर हा उशीर मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. त्याने कानावर विसंबून टिपरू मारलं तर ढोल मागे पडणार, आणि त्याच्या मागचा आणखी मागे. म्हणून मागच्या रांगांतले वादक पुढच्यांचे उठणारे हात पाहतात आणि डोळ्यांनी लय घेतात. कान मागे पडत असेल तर किती मागे पडतो हे ओळखून तेवढं पुढे सरकायचं. गेमच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन म्हणून जी सोय असते ती याच कामाची आहे. एक टिकटिक ऐकत काही वेळा कळ दाबायची, आपण सरासरी किती मागे पडतो ते गेम मोजतो आणि खुणा तेवढ्या सरकवून घेतो. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता खेळणं म्हणजे तंबोरा न जुळवता गायला बसणं.

दुसरी अडचण कीबोर्डाची. स्वस्त कीबोर्डात प्रत्येक कळेला स्वतंत्र वायर नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि कुठली आडवी तार कुठल्या उभ्या तारेला टेकली यावरून कळ ओळखली जाते. एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकाच वेळी दाबल्या तर चौथ्या कोपऱ्याची कळही दाबल्यासारखी वाटते. हा गोंधळ टाळण्यासाठी बहुतेक कीबोर्ड तिसरी कळ ऐकूनच घेत नाहीत. टायपिंग करणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. गिटार वाजवणाऱ्याला दोन सुरांच्या जोडीवर एंटर मारताना लगेच लागतो: बोटं बरोबर, वेळ बरोबर, आणि गिटार गप्प. मी कित्येक दिवस स्वतःला दोष दिला. नंतर कळलं की प्रत्येक कीबोर्डाची जाळी वेगळी असते, आणि कळा बदलून पाहिल्या की वाट सापडते. शिफ्टसारख्या कळा बहुधा या जाळीत वेगळ्या बांधलेल्या असतात, म्हणून एंटरऐवजी शिफ्टवर ठोका घेतला की अडचण पुष्कळदा सुटते. फक्त विंडोजमध्ये पाच वेळा शिफ्ट दाबलं की मध्येच एक चौकट उघडते, ती सोय आधी बंद करायची. अशा बारीक गोष्टी पुस्तकात क्रमाने दिल्या आहेत, कारण नवशिका त्यांच्यापायीच हिरमुसतो.

आता ज्या भागासाठी मला हे पुस्तक लिहावंसं वाटलं त्याकडे येतो. ‘फ्रेट्स ऑन फायर’चं गाणं म्हणजे एका फोल्डरातल्या चार साध्या गोष्टी: एक ध्वनिफाईल जिच्यात गिटार सोडून सगळं आहे, एक जिच्यात फक्त गिटार आहे, एक मिडी फाईल जिच्यात कुठल्या क्षणी कुठला रंग ते लिहिलेलं आहे, आणि एक मजकुराची फाईल जिच्यात गाण्याचं नाव. चुकल्यावर गिटार गप्प होते ती काही जादू नाही. गेम फक्त दुसऱ्या फाईलचा आवाज बंद करतो. या चार गोष्टी कुणीही तयार करू शकतो. रंगांची ती मांडणी म्हणजे चार्ट. तो लिहिणारा एका अर्थाने लिपिकार असतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी कागदावर उतरवताना समेला फुली आणि खालीला शून्य दिलं. चार्ट लिहिणारा तेच काम रंगांत करतो, एवढंच की त्याची ओळ वाचणाऱ्याकडे चालत येते.

मी लिहिलेला पहिला चार्ट तीनतालाचा होता. तबल्यावर ‘धा’ हा एकटा आवाज नाही. उजव्या हाताने ‘ना’ आणि डाव्याने डग्ग्यावर ‘गे’, दोन्ही एकत्र वाजले की ‘धा’ होतो. तसंच ‘तिं’ आणि ‘गे’ मिळून ‘धिं’. म्हणून मी डग्ग्याला हिरवी कळ दिली, ‘ना’ला पिवळी, ‘तिं’ला निळी. ‘धा’ आला की हिरवी आणि पिवळी एकत्र, ‘धिं’ आला की हिरवी आणि निळी एकत्र. सोळा मात्रांचा ठेका असा मांडला आणि वाजवून पाहिला. पहिल्या आठ मात्रा तर्जनी हिरवीवरून हललीच नाही. नवव्या मात्रेवर खालीचा विभाग सुरू झाला. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत ठेक्यात डग्गा बोलत नाही, ‘तिं तिं ता ता’ असं नुसतं तबल्याचं अंग चालतं. पडद्यावरून हिरवा रंग नाहीसा झाला आणि माझी तर्जनी उचलली गेली. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ आला, हिरवा परत आला, आणि सोळाव्या मात्रेच्या ‘धा’नंतर येणाऱ्या ‘धा’ला सम.

क्लासमध्ये आम्हाला खाली शिकवली होती ती हात हवेत उलटा करून दाखवायची खूण म्हणून. मी ती परीक्षेत बरोबर दाखवली होती. पण खालीत काहीतरी खरोखर रिकामं होतं, एक वजन उतरतं आणि ते परत येतं म्हणून सम सम वाटते, हे माझ्या बोटाला त्या चार्टवर कळलं. त्यानंतर मी तबला पुन्हा शिकायला लागलो. गेम खेळून मुलं वाद्यापासून दूर जातात असं मानणाऱ्या पालकांना मी हा अनुभव जसा घडला तसा सांगतो. दोन्हीत फरक आहे आणि तो मोठा आहे: गेममध्ये नाद आधीच भरलेला असतो, वाद्यावर तो तुम्हाला काढावा लागतो. बोटांना नाद काढण्याची मेहनत गेम देत नाही. पण लय आधी अंगात शिरली असली तर ती मेहनत कुठल्या दिशेने करायची ते माहीत असतं.

आपलं संगीत चार्टमध्ये उतरवताना एक मोठी अडचण येते आणि तिच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. बहुतेक पाश्चात्त्य पॉप गाणी स्टुडिओत ठरलेल्या टिकटिकीवर ध्वनिमुद्रित होतात. चार्टला एकदा वेग सांगितला की गाण्याच्या शेवटपर्यंत तो चालतो. अभंग तसा चालत नाही. तो ठाय लयीत निघतो, टाळ शिरतात, गजर येतो आणि लय चढते. लावणीत ढोलकीवाला नाचणारीच्या पायाकडे पाहून लय ओढतो आणि सोडतो. एकच वेग देऊन लिहिलेला चार्ट तिसऱ्या आवर्तनातच गाण्यापासून सुटतो. यासाठी वेगाचा नकाशा करावा लागतो: प्रत्येक आवर्तनाची सम कानाने शोधायची, तिथे खूण करायची आणि मधला वेग त्या खुणांवरून बांधायचा. पाच मिनिटांच्या अभंगाला यात एक पूर्ण संध्याकाळ जाते. पण ती संध्याकाळ संपते तेव्हा त्या वादकाने कुठे किती श्वास घेतला ते तुम्हाला ठाऊक झालेलं असतं. ऐकणं इतकं बारीक होण्याची दुसरी वाट मला सापडलेली नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. कुणाचंही ध्वनिमुद्रण उचलायचं, त्याला चार्ट जोडायचा आणि वाटायचा, हे बरोबर नाही. गाणं ज्याचं, परवानगी त्याची. आमच्या पट्ट्यात ज्यांच्याकडून मागता येईल असे वादक कमी नाहीत. तुमच्या क्लासचे सर, सोसायटीच्या गणपतीत ढोलकी वाजवणारा काका, रोजच्या गाडीतलं भजनी मंडळ यांना विचारा. तबला-डग्गा एका माइकवर आणि पेटी दुसऱ्यावर अशी वेगळी ध्वनिमुद्रणं केलीत, तरच चुकल्यावर वाद्य गप्प करण्याची किमया साधते. मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण सुरुवातीला पुरतं.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिल्या भागात गेमची निवड, जोडणी आणि कॅलिब्रेशन. दुसऱ्यात हात: कीबोर्ड कसा धरायचा, मनगट कसं सैल ठेवायचं, वीस मिनिटांनी का थांबायचं, आणि ज्यांना प्लॅस्टिकची गिटार जुन्या बाजारात मिळाली असेल त्यांनी ती कशी जोडायची. तिसऱ्यात कान: दादरा, केहरवा, झपताल, तीनताल, रूपक हे पाच ठेके पाच रंगांत. रूपकाची सम खालीवर पडते, म्हणून तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. चौथ्यात चार्ट लिहिणं. घाई असलेल्यांनी थेट तिसऱ्या भागाकडे जावं, पण कॅलिब्रेशन केल्याशिवाय जाऊ नये. हे पुस्तक बारा वर्षांच्या मुलाला वाचता यावं आणि त्याच्या आजोबांना त्याच्या शेजारी बसून ठेका तपासता यावा, अशी भाषा ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. माझा अनुभव असा की घरातलं सगळ्यात मोठं माणूस ठेका लवकर ओळखतं आणि सगळ्यात लहान माणूस कळ लवकर शोधतं.

ऋण बरंच आहे. ज्या सरांनी मला इतक्या वर्षांनी पुन्हा पाटावर बसवलं आणि माझ्या चार्टमधली प्रत्येक खाली कानाने तपासून दिली, त्यांचं. रात्री अकरानंतर कळांची टकटक सहन करणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचं. सकाळच्या गाडीतल्या मंडळाचं, ज्यांनी त्यांच्या टाळांचं ध्वनिमुद्रण करू दिलं आणि मलाही एक जोडी हातात दिली.

पुस्तकाची शेवटची दोन पानं कोरी ठेवली आहेत. प्रत्येक पानावर सोळा घरांच्या ओळी आहेत, पहिल्या घरावर फुली, नवव्यावर शून्य, बाकी सगळं रिकामं. पेन्सिलीने भरा, खोडा, परत भरा. तुमच्या घरात, तुमच्या गाडीत, तुमच्या गल्लीत जो ठेका ऐकू येतो तो तिथे लिहा आणि मग कीबोर्ड हातात घ्या.

डोंबिवली (पूर्व)
गुढीपाडवा